बाईच्या नावाचा कागद

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज मी तुम्हाला एका जुन्या कागदाची गोष्ट सांगणार आहे. कागद माझ्या पणजीचा, म्हणजे माझ्या आईच्या आजीचा. पण गोष्ट तिच्या एकटीची नाही. तुमच्याही घरात एखाद्या पेटीत, पत्र्याच्या डब्यात किंवा माळवदाच्या खणात असा कागद असू शकतो. तो वाचता येत नाही म्हणून आपण चुलीत घालू नये, एवढ्यासाठी ही गोष्ट.

माझी आजी नेहमी सांगायची, "माझ्या आईच्या नावाचं रान व्हतं, चिंचेखालचं." घरातली पुरुष मंडळी हसायची. त्या काळी बाईच्या नावानं रान कुठं असतं, म्हणायची. आजी गप्प बसायची. पुढं आजी गेली आणि तिच्याबरोबर ती गोष्टही गेल्यासारखीच झाली.

मग 2023 साल आलं. मराठवाड्यात निजाम काळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि गावोगाव जुनी दप्तरं उघडली गेली. त्या प्रश्नावर प्रत्येकाचं आपलं मत आहे, त्यात मी आज शिरत नाही. पण एक गोष्ट खरी, की त्या निमित्तानं घराघरात लोक पणजोबा-खापरपणजोबांची नावं विचारू लागले. आमच्या मामेभावांनीही तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकला काढून आणल्या. त्यातले काही कागद उर्दूत होते, काही मोडीत. एक कागद त्यांनी बाजूला टाकला. मी विचारलं, हा का टाकला? तर म्हणाले, "हा बाईच्या नावचा दिसतोय, आपल्या कामाचा नाही."

तो कागद मी उचलून घरी आणला.

आता पहिला प्रश्न असा, की आपले पूर्वज मराठी बोलणारे, मग त्यांचे कागद उर्दूत कसे? नव्या पिढीला हे सांगावं लागतं. आपला बीड जिल्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. 1865 च्या सुमारास पहिले सालारजंग दिवाण असताना त्या राज्यात जिल्हाबंदी झाली. जिल्हे, तालुके आखले गेले आणि कारभाराला नवी घडी बसली. आधी दरबाराची भाषा फारसी होती. 1880 च्या दशकात तिच्या जागी उर्दू आली. राज्यातली जवळपास निम्मी माणसं तेलुगू बोलायची, पाव हिस्सा मराठी, काही कानडी. उर्दू घरची भाषा असणारे दहातले एक. पण कचेरी उर्दूत चालायची.

गावात मात्र पाटील आणि पटवारी आपलेच. पटवारी गावचा हिशेब मराठीत, मोडी लिपीत लिहायचा. तोच हिशेब तालुक्याला गेला की उर्दूत उतरायचा. म्हणजे एकच माणूस, एकच शेत, पण गावच्या वहीत मोडीत आणि तालुक्याच्या दप्तरात उर्दूत. दोन्हीकडं त्याचं नाव थोडं वेगळं.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. म्हणजे आपली आजी एकाच चुलीपुढं बसून निजामाचं राज्य, हैदराबाद राज्य, मुंबई राज्य आणि महाराष्ट्र अशी चार राज्यं पाहून गेली. ती कुठं हलली नाही. तिच्या कागदांची भाषा मात्र बदलत राहिली.

तर तो कागद घेऊन मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडं गेले. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडाला धरला आणि म्हणाले, "बेटी, हे शिकस्ता आहे." शिकस्ता म्हणजे घाईनं लिहिलेली, मोडलेली उर्दू. कारकून भराभर लिहायचे, अक्षरावरचे ठिपके सोडून द्यायचे. उर्दूत ब, प, त ही अक्षरं ठिपक्यांवरूनच ओळखायची असतात. ठिपकाच नाही तर काय वाचणार? चाचांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग बोट ठेवून सावकाश म्हणाले: मुसम्मात, मग पणजीचं नाव, पुढं बेवा, मग पणजोबांचं नाव, आणि साकिन, मग गावाचं नाव.

मुसम्मात म्हणजे श्रीमती. बाईच्या नावाआधी लावायचा शब्द. बेवा म्हणजे विधवा. साकिन म्हणजे राहणार. खाली सर्व्हे नंबर होता, एकर-गुंठे होते, शेतसाऱ्याचा आकडा होता. पट्टेदार म्हणून माझ्या पणजीचं नाव होतं.

आजी खरं बोलत होती.

मैत्रिणींनो, असे थोडेच शब्द आहेत. ते कळले की अर्धा कागद कळतो, म्हणून सांगते, लिहून घ्या. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. बिन्त म्हणजे अमक्याची मुलगी. जौजे म्हणजे अमक्याची बायको. मौजे म्हणजे गाव. फौत म्हणजे मयत, आपण आजही फौती नोंद म्हणतो ती त्याच शब्दातून आलेली.

आणि एक शब्द फार फसवतो, त्यानं आम्हालाही फसवलं. मोडी कागदात एका ठिकाणी पणजीच्या नावापुढं 'कोम' लिहिलं होतं आणि पुढं पणजोबांचं नाव. आमच्यातल्या एकानं सांगितलं, कोम म्हणजे कौम, म्हणजे जात. पुढं जातीचं नाव असणार, हा कागद दुसऱ्याच कुणाचा आहे. झालं, कागद पुन्हा बाजूला पडणार होता. पण मोडी जाणणाऱ्या एका बाईंनी उलगडून सांगितलं. जुन्या मराठी कागदात बाईच्या नावापुढं कोम आलं की त्याचा अर्थ 'अमक्याची बायको'. पुरुषाच्या नावापुढं 'बिन' येतं, म्हणजे अमक्याचा मुलगा. उर्दू रकान्यातला कौम वेगळा, मोडीतला कोम वेगळा. कानाला सारखा, अर्थ निराळा.

नावांचीही तीच गत. उर्दूत आपल्यासारखा ळ नाही. त्यामुळं काळे आडनाव उर्दूत गेलं की काले होतं. बाळू तिकडं गेला की बालू होऊन येतो. ण आणि न एकाच अक्षरानं लिहायचे. ओ, ऊ आणि औ यांनाही एकच खूण, म्हणून मोरे लिहिलेलं कुणी मूरे वाचेल, कुणी मौरे. नंतर कुणी तो उर्दू कागद मराठीत उतरवला की वाचलेली चूक पक्की होते. म्हणून नाव जुळत नाही म्हणून लगेच कागद सोडू नका. गाव, नवऱ्याचं किंवा बापाचं नाव, सर्व्हे नंबर आणि शेजारच्या खातेदाराचं नाव, ही चार माणसांसारखी साक्षीला घ्या. चौघं एक बोलले की माणूस आपला.

गावाचं नावही नीट पाहावं लागतं. नांदूर नावाची गावं महाराष्ट्रात थोडी नाहीत. नाशिककडं नांदूरमध्यमेश्वर आहे, नांदूरशिंगोटे आहे, इकडं आपलं नांदूरघाट. आणि निजाम काळातल्या कागदात अंबाजोगाई शोधाल तर कदाचित सापडायची नाही, कारण तिथं मोमिनाबाद लिहिलेलं असतं. आपल्या बीडला जुन्या इंग्रजी पुस्तकात भीर म्हटलंय. एकच गाव, पण भाषेप्रमाणं नाव वेगळं.

मग तारीख. पणजीच्या कागदावर साल होतं 1352. ऐकून आमचा पोरगा म्हणाला, हे तर शिवाजी महाराजांच्याही आधीचं! पण ते फसली साल. निजामाच्या राज्यात शेतसाऱ्यासाठी फसली साल चालायचं. फसल म्हणजे पीक, पिकाचं वर्ष ते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ते बदलायचं. त्यात 590 मिळवले की आपलं इंग्रजी साल येतं. 1352 मध्ये 590 मिळवा, 1942. म्हणजे 1942-43 चा कागद. महिन्यांची नावंही वेगळी असतात: आजूर, दै, बहमन. ती पाहून घाबरायचं नाही. आणि साऱ्याचा आकडा हाली रुपयात असतो. हाली सिक्का हा निजामाचा रुपया, इंग्रजांचा तो कलदार. साधारण 7 हाली म्हणजे 6 कलदार. घरातल्या म्हाताऱ्या अजून बोलता बोलता कलदार म्हणतात, तो हाच.

आता तुम्ही विचाराल, असे कागद शोधायचे कुठं? तहसीलच्या अभिलेख कक्षात. तिथं अर्ज करून, ठरलेली फी भरून नक्कल मिळते. 1950 नंतरच्या काळातलं खासरा पाहणी पत्रक बघा, त्यात शेत कुणाच्या नावे आणि कसतं कोण ते कळतं. जुन्या शाळेतलं दाखल-खारिज रजिस्टर बघा. कोतवाल बुक सापडलं तर त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वरला कुणी दहाव्याला, अस्थी घेऊन गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाववार घराण्यांची नावं लिहिलेली असतात. कोण आलं, कुणासाठी आलं, ते तिथं सापडतं. मोडी शिकायची असेल तर राज्याचा पुराभिलेख विभाग आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ यांनी मोडीचे वर्ग चालवलेले आहेत. आपल्या गटातल्या एखाद्या शिकलेल्या पोरीनं मोडी शिकली तर साऱ्या गावाचं काम होईल. आणि उर्दूसाठी लांब जायची गरज नाही. आपल्याच गल्लीत उर्दू वाचणारं एखादं म्हातारं माणूस असतं. ते आहेत तोवर जा. चाचांनी माझ्याकडून चहाशिवाय काही घेतलं नाही. वर म्हणाले, "माझ्या वाडवडिलांचे कागद मोडीत आहेत बेटी, ते मला कुठं वाचता येतात?" ऐकून मी थांबलेच. त्यांचे कागद आमच्या लिपीत, आमचे त्यांच्या लिपीत. एकमेकांवाचून दोघांचाही इतिहास अडलेला.

हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही. युरोपात आज ज्याला चेकिया म्हणतात त्या देशात बोहेमिया नावाचा मुलूख आहे. तिथं कितीतरी गावांत जर्मन बोलणारे आणि चेक बोलणारे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिले. एकाच गावाला दोन नावं, एक जर्मन, एक चेक. एकाच माणसाचं नाव एका वहीत योहान, दुसऱ्या वहीत यान. चर्चच्या वह्या कधी लॅटिनमध्ये, कधी जर्मनमध्ये, कधी चेकमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जवळपास 30 लाख जर्मन बोलणाऱ्यांना देश सोडावा लागला. आज त्यांची नातवंडं-पतवंडं जर्मनीत, अमेरिकेत बसून त्या वह्या धुंडाळतात. तीही अशीच अडखळतात. अक्षर लागत नाही, गावाचं नाव बदललेलं, लिहिणाऱ्यानं नाव आपल्या भाषेत वळवलेलं.

पण एका बाबतीत ती आपल्यापेक्षा सुदैवी. 1784 मध्ये तिथल्या बादशहानं हुकूम काढून चर्चच्या वह्यांना रकाने आखून दिले. पोराच्या जन्माच्या नोंदीत आईचं नाव, तिचं माहेरचं आडनाव, पुढं पुढं तर आईच्या आईबापांचीही नावं लिहायची पद्धत पडली. त्यामुळं तिथली पणती आपल्या पणजीच्या माहेरापर्यंत पोचू शकते.

आपल्याकडं काय? लग्न झालं की आडनाव बदललं. कितीतरी घरांत तांदळात नवं नाव लिहून पाळण्यातलं नावही बदललं. कागदावर बाई आली तर ती अमक्याची बायको, अमक्याची बेवा, अमक्याची आई. नवरा जिवंत असेपर्यंत तर बहुतेक आलीच नाही. माझ्या पणजीचं नाव कागदावर आलं, कारण पणजोबा तरुणपणी गेले आणि मुलगा नव्हता. म्हणजे तिच्या नशिबाला घाला पडला तेव्हा तिचं नाव लिहिलं गेलं.

प्रमाणपत्रासाठी मामेभावांनी वंशावळ तयार केली, तीही मी पाहिली. खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा, बाप, मुलगा. एका खाली एक नावं, पाच पिढ्या. त्यात एकही बाई नाही. पाच पिढ्या काय आपोआप जन्मल्या? सरकारी कामाला बापाकडची साखळी लागते, ते ठीक. पण घरच्या भिंतीवर तरी दुसरी वंशावळ असावी.

मग मी ती लिहायला घेतली. माझी आई, तिची आई, तिची आई. तिथं कागद संपला. पुढचं शोधायला कागदाचा उपयोग नव्हता, तिथं बायांनाच विचारावं लागलं. आईची मावसबहीण, नव्वदीला टेकलेली, तिला विचारलं. नाव तिला आठवेना. मग ती जात्यावरची ओवी गुणगुणायला लागली आणि त्या ओवीत पणजीच्या माहेरच्या गावाचं नाव आलं! भाऊ कुठल्या वाटेनं मुराळी येतो, वाटेत कुठली नदी लागते, सगळं त्यात होतं. आपल्या बायांनी आपली वही जात्यावर लिहिली होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगाव फिरून अशा 1 लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुरुषांच्या दप्तरात ज्या बायांची नोंद नाही, त्यांचं माहेर, त्यांचे भाऊ, त्यांची दुःखं त्या ओव्यांत आहेत. आता घरात जातं फिरत नाही, गिरणी आहे. पण म्हाताऱ्यांच्या तोंडात ओवी अजून आहे. फोन प्रत्येकीकडं आहे, रेकॉर्डिंग करून ठेवा.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ऐकायला बरं, पण त्या कागदानं रान परत मिळालं का? नाही मिळालं. त्या काळी, 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधी, विधवेचा हक्क बहुतेक हयातीपुरताच असायचा. चिंचेखालचं रान केव्हाच दुसऱ्याकडं गेलं, पुढं विकलंही गेलं. ती चिंचही आता नाही. त्यावर भांडायला मी गेले नाही.

पण त्या कागदानं दुसरं काम केलं. वारस नोंदीच्या वेळी पोरींना सांगितलं जातं, "आपल्यात बाईच्या नावानं रान ठेवायची रीत नाही." रीत नव्हती असं आता आमच्या घरात कुणी म्हणू शकत नाही. 1942 चा कागद आहे! आणि कायदाही आपल्या बाजूनं आहे. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा दिला. 2005 मध्ये तो साऱ्या देशाला लागू झाला. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की 2005 मध्ये बाप हयात होता की नाही यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही, तो जन्मानंच आहे. हिस्सा घ्यायचा की भावाला सोडायचा हे तुमचं तुम्ही ठरवा. भाऊबीज मलाही प्यारी आहे. पण हक्कसोड पत्रावर सही करायच्या आधी ते वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. आणि वारसांच्या यादीत तुमचं नाव आहे ना ते बघा. हक्क सोडायलाही आधी नाव लागतं.

अजून एक गोष्ट, आपल्या केज-बीडच्या बायांसाठी. आपल्याकडं दिवाळी झाली की कोयता घेऊन घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. कितीतरी लेकरं फडावर, कोपीत जन्मतात. त्यांची नोंद इथं नसते आणि तिथंही राहून जाते. कर्नाटकात झाली तर कन्नडमध्ये होते. उद्या पन्नास वर्षांनी त्या लेकराची नात आजीचा जन्म शोधायला निघाली तर तिला काय सापडेल? आपल्या आजीचे कागद उर्दूत अडकले, आपल्या लेकीचे कन्नडमध्ये अडकू नयेत. 1969 च्या कायद्यानं जन्म जिथं झाला तिथंच नोंद करावी लागते आणि ती 21 दिवसांत करायची असते. मुकादमाच्या भरवशावर राहू नका. दाखल्याची प्रत घेऊनच ट्रॅक्टरमध्ये बसा. नावाची अक्षरं जागच्या जागी तपासा.

आणि एक चांगली बातमी सांगून थांबते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव घालायचं ठरवलं आहे. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. बोहेमियाच्या वहीत जे अडीचशे वर्षांपूर्वी आलं, ते आपल्या कागदावर आता येतंय. उशिरा का होईना, येतंय.

त्या दिवशी चाचांकडून घरी आले तेव्हा आई शेंगा फोडत बसली होती. मी तिला कागद वाचून दाखवला. पणजीचं नाव ऐकल्यावर तिचा हात थांबला. म्हणाली, "आम्ही तिला नुसती मोठी आईच म्हणायचो. तिचं नाव असं होतं व्हय?" मग ते नाव तिनं दोन-तीनदा स्वतःशीच उच्चारून पाहिलं. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला तिच्या आजीचं नाव त्या दिवशी कळलं.

मैत्रिणींनो, या आठवड्यात गटाची बैठक असेल. उखाण्यात नवऱ्याचं नाव आपण आयुष्यभर घेतो. या वेळी बैठकीत प्रत्येकीनं आईच्या आईचं नाव घ्यायचं, आणि तिचं माहेर सांगायचं. जिला येणार नाही, तिनं घरी जाऊन विचारायचं. गटाच्या वहीत शेवटच्या पानावर ती नावं लिहून ठेवा. स्वच्छ अक्षरात लिहा, पुढच्या पोरींना वाचता आलं पाहिजे.